फिरतीची नोकरी आणि घरातली छोटी रेल्वे

प्रश्न थोडक्यात असा आहे. घरी मॉडेल रेल्वेचा, एचओ मापाचा, गोल रुळांचा सुरुवातीचा संच आहे. नोकरी फिरतीची, महिन्यातले निम्मे दिवस बाहेर जातात. जेवढा लेआउट, म्हणजे रूळ आणि भोवतालचा देखावा, उभा केला आहे तो झाडं-घरं लावूनही खेळण्यासारखाच दिसतो. तर या छंदात मुरलेली माणसं रोज नेमकं करतात काय, प्रवासाचा त्यात काही उपयोग होतो का, आणि हा संच विकून लहान मापाकडे वळावं का?

संच विकायचं शेवटी बोलू. आधी ‘खेळण्यासारखा दिसतो’ ही तक्रार घेते, कारण बाकीची उत्तरं तिच्यातूनच निघतात.

त्यात रंगकामाचा दोष कमी आणि गणिताचा जास्त असतो. वेगापासून सुरुवात करा. एचओ म्हणजे १:८७, खऱ्याच्या सत्त्याऐंशीवा भाग. खरी गाडी ताशी ८० किलोमीटरने धावते तेव्हा सेकंदाला साधारण २२ मीटर जाते. त्याला ८७ ने भागलं की सेकंदाला २५ सेंटिमीटर येतात. तुमचा गोल चार मीटरचा असेल तर एका फेरीला १६ सेकंद लागायला हवेत. घड्याळ लावून बघा. नव्या माणसाची गाडी बहुतेक वेळा सेकंदाला मीटरभर पळत असते, म्हणजे ताशी ३१३ किलोमीटर, आणि तेही वाफेच्या इंजिनामागे! शंटिंगचा, म्हणजे डबे पुढेमागे करून जोडण्या-सोडण्याचा, वेग ताशी दहा किलोमीटर धरला तर सेकंदाला जेमतेम तीन सेंटिमीटर होतात. हातभर अंतर कापायला चौदा-पंधरा सेकंद. सुरुवातीला हे रटाळ वाटतं. चार दिवसांत डोळा सरावतो आणि मग जुना वेग बघवत नाही.

दुसरं वळण. संचासोबत येणारं सर्वांत लहान वळण बहुधा ३६ सेंटिमीटर त्रिज्येचं असतं. ते ८७ ने गुणलं की ३१ मीटर येतात. आता खऱ्या रेल्वेतलं एक नावाजलेलं वळण बघा. स्वित्झर्लंडमधल्या ऱ्हेटियन रेल्वेचा लांडवासर पूल १९०२ मध्ये पुरा झाला, तो ६५ मीटर उंच आहे आणि १०० मीटर त्रिज्येच्या वळणावर उभा आहे. ही एक मीटर गेजची (दोन रुळांमधल्या अंतराची) डोंगरी रेल्वे, म्हणजे वळणांच्या बाबतीत काटकसर करणारी. तरी १:८७ मध्ये ती त्रिज्या १ मीटर १५ सेंटिमीटर होते. त्याच कंपनीच्या बर्निना मार्गावर ब्रूझिओ गावाजवळ रूळ पुलावरून गोल फिरून स्वतःच्याच खालून निघतात; तिथली त्रिज्या ७० मीटर, चढ हजाराला ७०. त्याचेही एचओमध्ये ८० सेंटिमीटर होतात. म्हणजे लोक कॅमेरे घेऊन ज्या अरुंद वळणांची छायाचित्रं काढायला जातात, तीसुद्धा तुमच्या वळणापेक्षा दुपटीहून मोकळी आहेत.

खोली काही वाढणार नाही. तेव्हा वळण मोकळं करण्यापेक्षा ते लपवायचं: बोगदा, खोदलेली टेकडी, गोदामांची रांग. आणि त्यावर आखूड गाड्या चालवायच्या. युरोपातला २६.४ मीटरचा प्रवासी डबा १:८७ मध्ये तीस सेंटिमीटरचा होतो. लहान वळणावर तो आतल्या बाजूने रूळ ओलांडून लोंबतो, म्हणूनच काही कारखाने लांबी मुद्दाम कमी करून अठ्ठावीस सेंटिमीटरचे डबे विकतात. दोन आसांच्या मालडब्यांना आणि छोट्या शंटिंग इंजिनांना हा प्रश्न फारसा येत नाही. जागा कमी असलेल्या माणसाने एक्स्प्रेस गाडीचा मोह सोडावा, असं माझं स्पष्ट मत आहे.

तिसरं कारण मला सर्वांत मोठं वाटतं. बहुतेक लेआउट दुसरे लेआउट बघून बांधलेले असतात. त्यामुळे सगळीकडे तीच टेकडी, टेकडीवर तेच चर्च, खाली बोगद्याचं तेच तयार तोंड, रस्त्यावर अपघात झालेली मोटार आणि एका घराला लागलेली आग. जळणाऱ्या आयकर कचेरीचं तयार मॉडेल बाजारात मिळतं, यावरून काय ते समजा. यातलं प्रत्येक दृश्य एकेकटं गमतीचं आहे. सगळी मिळून चार चौरस मीटरमध्ये आली की रेल्वे दिसेनाशी होते. यावर मला एकच उपाय माहीत आहे: खरी रेल्वे बघायची आणि तिच्यावरून बांधायचं. ज्याची नोकरी फिरतीची, त्याच्याकडे हा उपाय पगारासोबत येतो.

आता रोजचं. गाड्या चालवण्यात जाणारा वेळ बाहेरच्या माणसाला आश्चर्य वाटावं इतका थोडा असतो. माझ्याकडे संध्याकाळी अर्धा तास मिळाला तरी चांगला दिवस म्हणायचा, आणि त्या अर्ध्या तासात काय होईल हे आदल्या दिवशी ठरलेलं असतं. एका उथळ ट्रेमध्ये फक्त चालू काम ठेवते: एक डबा, त्याला लागणारी चाकं, एक चिमटा, एक ब्रश. उठताना पुढची पायरी ट्रेमध्ये काढून ठेवायची. दहा दिवसांनी परत आल्यावर ‘कुठं होतो आपण?’ यात पहिली संध्याकाळ जाणार नाही.

फिरतीच्या माणसाला एक सोय आपसूक मिळते, ती म्हणजे वाळायला मिळणारा वेळ. रुळांमधली खडी बसवायची तर ती कोरडी पसरायची, ब्रशने स्लीपरांच्या मध्ये सारायची, पाण्यात किंवा आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवायची आणि मग पातळ केलेला पांढरा डिंक थेंब-थेंब सोडायचा, त्यात भांडी घासायच्या साबणाचा एखादा थेंब. हे वाळायला पुरती रात्र लागते आणि मध्ये बोट लावून बघायचा मोह होतो. म्हणून खडी, पाण्याचे देखावे, प्लास्टरचे डोंगर ही ओली कामं निघायच्या आदल्या संध्याकाळी करावीत. एकच खबरदारी: सांध्याच्या, म्हणजे गाडी एका रुळावरून दुसऱ्यावर वळते त्या जागेच्या, हलत्या पट्ट्यांना डिंक लागू देऊ नका, आणि ओलं असतानाच सांधा दोन-चार वेळा इकडून तिकडे हलवून घ्या.

सोल्डरिंग आणि वायरिंग मात्र थकलेल्या संध्याकाळी करू नये. ते सुटीच्या सकाळी.

देखभालीचा भाग कंटाळवाणा आहे, पण गाडी चालणं-न चालणं त्यावरच ठरतं. रूळ निकेल सिल्व्हरचे असतात. नावात चांदी असली तरी धातू तांबं, निकेल आणि जस्त यांचाच. त्यावर हवेतली धूळ, तेलाचा अंश आणि ठिणग्यांमुळे होणारी काजळी बसते. सँडपेपरने घासलं की क्षणभर चकाकतात, पण पडलेल्या ओरखड्यांत पुढची घाण आणखी घट्ट बसते. मऊ कापड आणि योग्य द्रव पुरे, सोबत चाकंही पुसायची, नाहीतर चाकांवरची घाण परत रुळांवर. गाडी घसरायला लागली तर आधी वही काढा. एकाच जागी वेगवेगळे डबे घसरत असतील तर दोष रुळाचा. एकच डबा वेगवेगळ्या जागी घसरत असेल तर दोष त्याच्या चाकांचा किंवा वजनाचा. वजनाला माप आहे. नॅशनल मॉडेल रेलरोड असोसिएशन ही १९३५ मध्ये अमेरिकेत सुरू झालेली संघटना. तिच्या शिफारशीप्रमाणे एचओ डब्याचं वजन आधी एक औंस आणि पुढे लांबीच्या प्रत्येक इंचाला अर्धा औंस. सहा इंची डबा म्हणजे चार औंस, साधारण ११३ ग्रॅम. तयार मिळणारे पुष्कळ डबे याहून हलके असतात. आत शिशाच्या किंवा लोखंडाच्या पट्ट्या चिकटवल्या की निम्म्या तक्रारी मिटतात.

आणि गाड्या चालवायच्या तेव्हा गोल-गोल फिरवत बसण्यात महिनाभरात रस संपतो. मालगाडीला काम द्या. प्रत्येक डब्याचं एक कार्ड करायचं, त्यावर कुठून कुठे जायचं ते लिहायचं. एका फेरीला गिरणीत, पुढच्या फेरीला रिकामा यार्डात. हे अगदी छोट्या जागेत खेळता येतं याचा पुरावा म्हणजे इंग्लंडमधल्या ॲलन राइट यांनी आखलेलं इंगलनुक हे शंटिंगचं कोडं. तीन साइडिंग, म्हणजे डबे उभे करायचे बाजूचे रूळ, त्यांत अनुक्रमे पाच, तीन आणि तीन डबे मावतात. पुढच्या आखूड रुळावर इंजिन आणि तीन डबे. एकूण आठ डब्यांपैकी पाचांच्या चिठ्ठ्या काढायच्या आणि त्याच क्रमाने गाडी जोडायची. आठातून पाच क्रमाने निवडायचे ६,७२० मार्ग आहेत, म्हणजे पुनरावृत्तीची काळजी नको. सांधे दोनच लागतात. एचओहून लहान अशा एन मापात हे सगळं पुस्तकांच्या एका फळीवर बसतं. एचओमध्ये दीडेक मीटरची फळी लागेल.

आता प्रवास, ज्याबद्दल मला जास्त बोलायचं आहे.

स्टेशनवर गेल्यावर सगळे इंजिनाचे फोटो काढतात. इंजिनाचे फोटो जगात भरपूर आहेत, मॉडेलही तयार मिळतं. तुम्हाला जे तयार मिळत नाही ते बघा. फलाटाची कड कशी झिजली आहे. फलाट संपतो तिथे उतार आहे की पायऱ्या. सांध्यापासून निघालेली सळई किंवा केबल कुठून कशी जाते. रुळांच्या मध्ये तेलाचा काळा पट्टा नेमका कुठे आहे: जिथे इंजिन उभं राहतं तिथेच तो दाट असतो, सगळीकडे नसतो. साइडिंगच्या टोकाला, जिथे डबे क्वचित जातात, तिथे रुळांचा माथा गंजलेला आणि मध्ये गवत. मुख्य मार्गावर माथा आरशासारखा आणि खडी स्वच्छ. हा एक फरक लेआउटवर उतरवला तरी बघणारा न सांगता ओळखतो की गाड्या कुठून जातात.

रंगाचं निरीक्षण असंच. जवळून बघितलेला काळा आणि शंभर मीटरवरून बघितलेला काळा एक नसतो. हवेमुळे लांबचा रंग फिका आणि राखाडीकडे झुकलेला दिसतो. मॉडेल आपण हातभर अंतरावरून बघतो, पण मापाच्या हिशोबाने ते चाळीसेक मीटर होतात. म्हणून मॉडेलवर शुद्ध काळा आणि शुद्ध पांढरा जवळजवळ वापरूच नये. फोटोत रंग खरा यावा म्हणून मी शक्य तिथे कोऱ्या पांढऱ्या कागदाचा तुकडा चौकटीच्या कडेला धरते. ढगाळ दिवस असेल तर उत्तम. उन्हातल्या सावल्या भिंतीचा पोत खातात.

मापं घ्यायला टेप लावायची गरज नाही, आणि रुळांजवळ तर ती काढूही नये. चित्रात ओळखीचं माप असलं की पुरतं. स्टँडर्ड गेजचे रूळ असतील तर दोन रुळांमधलं अंतर १,४३५ मिलिमीटर. ब्रॉड गेज १,६७६. जपानच्या जुन्या जाळ्यात १,०६७. दोन स्लीपरांच्या मध्यांतलं अंतर बहुतेक मुख्य मार्गांवर ६० ते ६५ सेंटिमीटर असतं, तेव्हा फलाटाची लांबी स्लीपर मोजून काढता येते. इमारतीसाठी विटांचे थर मोजायचे, किंवा दारापाशी उभ्या असलेल्या माणसाच्या उंचीवरून अंदाज घ्यायचा. फोटो मात्र समोरून, सरळ घ्या; तिरक्या फोटोतून माप काढणं डोकेदुखी आहे.

मग वरून बघा. प्रवासी रेल्वेला कडेने बघतो, पण लेआउट आपण कायम वरून बघतो, आणि म्हणूनच घरच्या लेआउटवर सर्वांत जास्त दिसतात ती छपरं. डब्यांची, फलाटांची, गोदामांची. पादचारी पुलावर दहा मिनिटं उभं राहा. मुक्काम स्टेशनजवळ असेल तर हॉटेलात वरच्या मजल्यावरची, रुळांकडे तोंड असलेली खोली मागा. इतर पाहुणे ती नाकारतात म्हणून सहसा मिळते; जपानमध्ये तर काही हॉटेलं अशा खोल्या मुद्दाम रेल्वेप्रेमींसाठी म्हणून देतात. छपरांवरची धूळ, पंख्यांभोवतीचा मळ, डागडुजीचे वेगळ्या रंगाचे तुकडे हे सगळं तिथून दिसतं.

आणखी एक गोष्ट करा: एखाद्या लहान स्टेशनवर तासभर नुसते बसा आणि काय घडलं ते वेळेसकट लिहा. दोन-तीन गाड्या येऊन जातील. उरलेल्या वेळात सिग्नल बदलेल, कोणीतरी झाडू मारेल, एक इंजिन उगाच उभं राहील, बरंचसं काहीच घडणार नाही. ही वही घरी लेआउटशेजारी ठेवा. घरी आपण सतत काहीतरी पळवत असतो, आणि खरी रेल्वे बहुतांश वेळ वाट बघत असते. सिग्नलपाशी थांबलेली मालगाडी, तिला ओलांडून जाणारी दुसरी गाडी, मग सिग्नल मिळून तिचं सावकाश सुटणं: एवढ्या एका प्रसंगात चार फेऱ्यांपेक्षा जास्त रेल्वे आहे.

सुरक्षेचं एकदाच सांगते. फलाटाच्या पिवळ्या रेषेमागे, सार्वजनिक जागेतूनच. फ्लॅश नको, तिपाई नको, सेल्फीची काठी तर नकोच. विजेची तार वर असते. काही देशांत रेल्वेचे फोटो काढायला परवानगी लागते किंवा मनाई असते, ते निघण्याआधी बघून घ्या. कोणी हटकलं तर वाद न घालता फोटो दाखवायचे आणि निघायचं.

मुद्दाम जाण्यासारख्या जागांबद्दल. हॅम्बुर्गमधल्या जुन्या गोदामांच्या वस्तीत, श्पायशरश्टाटमध्ये, ‘मिनिआतुर वुंडरलांड’ हा मॉडेल रेल्वेचा प्रचंड देखावा आहे. फ्रेडरिक आणि गेरिट ब्राउन या जुळ्या भावांनी ते २००१ मध्ये सुरू केलं. एचओ माप, हजाराहून जास्त गाड्या, दर पंधरा मिनिटांनी दिवसाची रात्र होते, आणि २०११ पासून विमानं उतरवणारा विमानतळही. रस्त्यावरच्या मोटारींच्या खाली चुंबक असतं आणि रस्त्यात पुरलेली तार त्यांना वाट दाखवते. जरूर बघा, पण बघताना गाड्यांच्या मागे धावू नका. नियंत्रण कक्षाच्या पडद्यांकडे बघा, गाडी अडकली की कर्मचारी काय करतात ते बघा, आणि पडद्यामागे नेणारी सहल मिळाली तर तीच घ्या. इतका पसारा रोज चालू ठेवणं ही त्यांची खरी करामत आहे.

माझं स्वतःचं मन मात्र इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डशायरच्या लाँग विटनहॅम गावातल्या पेंडन संग्रहालयाकडे ओढ घेतं. रॉय इंग्लंड नावाचा ऑस्ट्रेलियन तरुण १९२५ मध्ये तिकडे आला, आणि तिथली जुनी खेडी डोळ्यांदेखत बदलताना बघून त्याने ती मापात नोंदवून ठेवायचं ठरवलं. दोन महायुद्धांमधल्या काळातलं व्हेल ऑफ व्हाइट हॉर्स हे खोरं तिथे एका फुटाला चार मिलिमीटर या मापात उभं केलेलं आहे, आणि त्यातली घरं खऱ्या घरांची मापं आणि फोटो घेऊन एकेक करून बांधलेली आहेत. गाडी तिथे शेतांच्या कडेने जाते, शेतं तिच्यासाठी मांडलेली नाहीत. जॉन अहर्न यांची युद्धपूर्व काळातली मॅडर व्हॅली रेल्वेही तिथेच ठेवली आहे. रेल्वे आणि तिचा परिसर एकत्र बांधायची कल्पना तिच्यापासून पुष्कळांनी घेतली. हॅम्बुर्ग बघून आल्यावर काहीतरी विकत घ्यावंसं वाटतं. पेंडन बघून आल्यावर पट्टी आणि पेन्सिल घेऊन बसावंसं वाटतं. बेकन्सफील्डचं बेकन्सकॉट हे १९२९ पासूनचं उघड्यावरचं छोटं गाव आणि जपानमध्ये योकोहामाचं मॉडेल रेल्वेचं हारा संग्रहालय वाटेत असतील तर चुकवू नका.

खऱ्या रेल्वेत कॅलिफोर्नियातला टेहाचापी लूप आमच्या जमातीला फार आवडतो. १८७६ मधली ही बांधणी. चढ शेकडा दोनच्या आसपास राखण्यासाठी रूळ टेकडीभोवती गोल फिरवले, आणि सव्वा किलोमीटरहून लांब मालगाडी स्वतःच्याच शेपटावरून जाते. घरी वरच्या मजल्यावर गाडी चढवताना आपण हेच करतो. एचओमध्ये एका रुळावरून दुसरा नेण्यासाठी आठेक सेंटिमीटर उंची लागते. शेकडा दोनच्या चढाने चार मीटर. हे चार मीटर कुठून आणायचे याचं उत्तर तिथे डोळ्यांसमोर असतं.

मॉडेल सोबत नेण्याचा भाग. इंजिनं कधीही विमानाच्या पोटातल्या सामानात टाकू नका, हातातल्या बॅगेतच ठेवा. क्ष-किरणांच्या पडद्यावर इंजिन म्हणजे तारा निघालेला जड धातूचा ठोकळा दिसतो, तेव्हा बॅग उघडायला लावतील हे धरूनच चाला. पारदर्शक झाकणाचा डबा असला की काम लवकर होतं. कंट्रोलर आणि वायरींचं भेंडोळं इंजिनापासून वेगळं ठेवा. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या हातातल्या बॅगेत. सुऱ्या, कानशी, ड्रिल खालच्या सामानात. ज्वलनशील रंग, थिनर, स्प्रे आणि अल्कोहोल नेऊच नका, ती पोचल्यावर घ्यायची. बबल रॅप थेट रंगावर गुंडाळला तर उष्णतेत फुगे उमटतात. आधी मऊ टिश्यू, मग फोम. जुन्या डब्यांतला फोम कालांतराने चिकट होऊन रंगाला धरतो, तो आधीच फेकून द्या. पोचल्यावर चालवण्याआधी स्क्रू बघा. प्रवासाच्या थरथराटाने ते सैल होतात.

मुक्कामी काम करायचं असेल तर त्यालाही मोठी परंपरा आहे. गायक रॉड स्टुअर्टने वीसहून जास्त वर्षं खपून १९४० च्या दशकातल्या अमेरिकी शहराचा प्रचंड लेआउट उभा केला, आणि दौऱ्यावर असताना तो हॉटेलात त्यासाठी एक जादा खोली घ्यायचा. आपल्याला जादा खोली नको, टेबलाचा कोपरा पुरतो. पुठ्ठ्याच्या इमारती, झाडांचे सांगाडे, डब्यांचे आतले आसनसंच, माणसांची रंगरंगोटी ही प्रवासातली कामं. पाण्यात विरघळणारे तीन-चार रंग आणि दोन ब्रश. खालून वर्तमानपत्र, कारण हॉटेलच्या गालिच्यावरून रंग निघत नाही.

दुसऱ्यांच्या भेटी-मेळाव्यांना जायची संधी मिळाली तर सोडू नका. युरोपात १९८१ पासून फ्रेमो ही संघटना आहे. प्रत्येक जण ठरलेल्या मापाचा एक तुकडा बांधून आणतो, मोठ्या सभागृहात ते जोडतात, आणि मग वेळापत्रकाप्रमाणे, खऱ्यापेक्षा वेगाने पळणाऱ्या घड्याळावर दिवसभर रेल्वे चालते. एन मापात टी-ट्रॅक हा आणखी सुटसुटीत प्रकार आहे, एक तुकडा साधारण ३१ सेंटिमीटरचा, बॅगेत मावणारा. जाण्याआधी एक काम करा: तुमचं इंजिन डिजिटल असेल तर त्याच्या डेकोडरचा, म्हणजे आतल्या हुकूम ओळखणाऱ्या चिपचा, पत्ता बदला. नव्या डेकोडरचा पत्ता कारखान्यातून ३ असाच येतो. तो तसाच ठेवून सामायिक रुळांवर गेलात तर दुसऱ्याच कोणाच्या नॉबवर तुमचं इंजिन चालू लागेल, आणि सभागृहातले सगळे तुमच्याकडे बघतील. पुष्कळशा डेकोडरांत सीव्ही ८ मध्ये (सेटिंगच्या आठव्या क्रमांकाच्या खान्यात) ८ लिहिलं की सगळं मूळपदावर येतं, हेही लक्षात असू द्या. परक्या ठिकाणी उपयोगी पडतं.

घराबाहेर पडताना लेआउटची वीज मुख्य बटणावरून बंद करा, कापड टाका, बॅटऱ्या काढा. पडदा ओढा, उन्हाने रंग उडतो. रूळ मांडताना जोडांमध्ये व्हिजिटिंग कार्डाच्या जाडीची फट ठेवली नसेल तर ती आता ठेवा. रुळांपेक्षा खालचं लाकूड जास्त हलतं, आणि बंद घरातल्या दमट-कोरड्या हवेत ते हलणारच.

उरला संच विकण्याचा प्रश्न. एन मापाचं प्रमाण १:१६०, रूळ ९ मिलिमीटर; त्याच टेबलावर जवळजवळ दुप्पट लांबीची रेल्वे मावते. लांब गाडी मोकळ्या माळरानातून जाताना बघायची असेल, किंवा लेआउट बॅगेत घालून न्यायचा असेल, तर एन घ्या. शंटिंग, तपशील, हाताने डबा उचलून त्यावर काम करणं हे आवडत असेल तर एचओच ठेवा. चाळिशी ओलांडल्यावर एनच्या कपलिंगशी, म्हणजे डबे जोडणाऱ्या आकड्यांशी, झटापट करायला भिंग लागतं. ब्रिटिश गाड्या आवडत असतील तर हेही माहीत असू द्या की त्यांचं ओओ माप १:७६ असूनही रूळ एचओचेच, १६.५ मिलिमीटरचे असतात, त्यामुळे ते समोरून बघताना किंचित अरुंद वाटतात. आणि ब्रिटिश एन १:१४८ असतं, तेव्हा सगळे एन डबे एकमेकांशेजारी शोभतीलच असं नाही.

कोणताही निर्णय घ्या, पण तो गोल रुळांचा संच विकू नका. नव्या इंजिनाला पहिल्यांदा दोन्ही दिशांनी अर्धा-अर्धा तास, बिनडब्याचं, मध्यम वेगाने फिरवून घ्यावं लागतं, म्हणजे गिअर आणि मोटरचे ब्रश नीट बसतात. त्यासाठी तुमच्या गोलापेक्षा सोयीचं काही नाही. पलंगाखाली ठेवा, लागेल तेव्हा जमिनीवर मांडा. खाली सतरंजी नको, तिचे धागे गिअरमध्ये जातात.